सप्रू हाउसला जाऊ नका! ठाणे ते आयडीएसए

प्रबंधासाठी दिल्लीच्या आयडीएसएत, म्हणजे मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्थेत जाणार असाल तर आधी पत्ता तपासा. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सरांनी 'मंडी हाउसला उतर, सप्रू हाउस विचार' असं छातीठोकपणे सांगितलं होतं. त्यांच्याकडच्या 'स्ट्रॅटेजिक अ‍ॅनालिसिस'च्या जुन्या अंकांवर (हे संस्थेचंच नियतकालिक) तोच पत्ता आहे. संस्थेने ती जागा सोडून जमाना झाला. आता सप्रू हाउसमध्ये सापडते ती आयसीडब्ल्यूए, म्हणजे इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स. तीही सरकारीच, पण परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीतली. आपल्याला हवी ती संरक्षण मंत्रालयाच्या पैशावर चालते आणि आहे पार राव तुलाराम मार्गावर, कँटोन्मेंटच्या बाजूला.

मी सरांचं ऐकून आधी सप्रू हाउसलाच गेलो आणि तिथून खरा छळ सुरू. मंडी हाउसच्या रिक्षावाल्याने पाचशे मागितले. 'मीटर?' म्हटल्यावर हसला. मीटर डॅशबोर्डवर होता, त्यावर झेंडूची माळ. ठाण्याच्या तीन हात नाक्यावर कोणी असं केलं असतं तर चार माणसं गोळा झाली असती. इथे बाकीचे रिक्षावाले त्याच्याच बाजूने. शेवटी साडेतीनशे दिले आणि भर उन्हात उड्डाणपुलाच्या तोंडाशी अडकून बसलो. शुद्ध लूट. तुम्ही मेट्रोच घ्या: जांभळ्या लाइनने लाजपत नगर, तिथून गुलाबी लाइनने दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस. रिक्षा फक्त शेवटच्या टप्प्याला, भाव आधी ठरवून. तो टप्पा चालत जायच्या भानगडीत पडू नका, गाड्या अंगावर येतात.

आत जायचं तर आधी ईमेल करा, उत्तराची छापील प्रत आणि ओळखपत्र जवळ ठेवा. सगळ्यांनी जायची गरजही नाही. नवे लेख आणि टिपणं संकेतस्थळावर फुकट मिळतात. जुनं काही चाळायचं असेल तरच तिकीट काढा. माझा विषय १९६२नंतरचं संरक्षण धोरण, त्यामुळे मला जावंच लागलं. चीनच्या युद्धानंतर यशवंतराव संरक्षणमंत्री झाले आणि त्यांच्याच काळात, ११ नोव्हेंबर १९६५ला, ही संस्था उभी राहिली. पर्रीकरांचं नाव २०२०मध्ये लागलं. यशवंतरावांचं का नाही, हा माझा जुना राग, असो.

वाचनाचे दिवस छान गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मुक्काम मात्र गुलाबी लाइनवरच शोधा. निजामुद्दीनही त्याच लाइनवर आहे आणि तिथून सुटणारी सीएसएमटी राजधानी कल्याणला थांबते. पुढे ठाण्याला लोकल.