४० मिनिटांची मीटिंग, त्यातली २२ परवानगीत

सोसायटीच्या मीटिंगचं इतिवृत्त सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लिहायचं ही कल्पना माझीच, त्यामुळे तक्रारीला तोंड नाही. तरी करते. मागच्या वेळी लिफ्टच्या ठरावावरून ‘मी असं बोललोच नव्हतो’ हे दोन महिने ऐकलं होतं. म्हटलं, गूगल डॉक्स उघडू, मी टाइप करत जाईन, ज्याला खटकेल त्याने तिथेच बोलावं.

झूम फुकटचं, म्हणजे ४० मिनिटांनी आपोआप बंद. डॉक्युमेंट चेअरमनकाकांच्या मुलाने आधीच बनवून ठेवलेलं. काकांनी लिंक टाकली आणि सुरू झालं. “अहो, हे ॲक्सेस मागतंय.” “मला पण.” मला, सेक्रेटरीलासुद्धा! पठ्ठ्याने ते ऑफिसच्या अकाउंटवरून बनवलं होतं. त्या ऑफिसबाहेरच्या कुणाला ते उघडेच ना. ‘रिक्वेस्ट ॲक्सेस’ दाबलं की विनंती जाणार त्याच्या मेलवर, आणि तो विमानात. काका म्हणाले, “परत दाबा, लागेल.” लोकांनी परत दाबलं. बी विंगमधल्या काकूंनी फोन बंद करून चालू केला. एकजण म्हणाले, “वायफायचा प्रॉब्लेम असेल.” मी घड्याळ बघत होते. पार्किंगचा विषय अजून सुरूही झाला नव्हता.

शेवटी माझ्या जीमेलवरून नवं डॉक्युमेंट उघडलं. ‘शेअर’मध्ये ‘रिस्ट्रिक्टेड’ होतं, तिथे ‘एनीवन विथ द लिंक’ केलं, पुढे ‘एडिटर’. दीड मिनिट लागलं. हे पहिल्या मिनिटाला का सुचलं नाही, याचाच राग अजून आहे.

तर आदल्या रात्री लिंक इनकॉग्निटो विंडोत, म्हणजे आपलं लॉगिन नसलेल्या खिडकीत, उघडून बघा. तिथे उघडली तर सगळ्यांना उघडेल. आणि लिंक नुसती झूमच्या चॅटमध्ये टाकू नका. उशिरा येणाऱ्याला आधीचे मेसेज सहसा दिसत नाहीत. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका.

पुढचं लिहिणं झकास झालं. मध्येच कुणाच्या तरी बोटाने अख्खा परिच्छेद गेला. माझ्या कंट्रोल-झेडने तो येईना, कारण ते फक्त आपलंच लिहिलेलं मागे घेतं. ‘व्हर्जन हिस्टरी’तून, म्हणजे जपून ठेवलेल्या जुन्या आवृत्त्यांतून, आणला. म्हणून आता सगळ्यांना ‘कमेंटर’च ठेवते, म्हणजे शेरा देता येतो, मजकूर बदलता येत नाही; एडिटर फक्त मी आणि खजिनदार.

हो, एक राहिलंच. लॉगिन न करता येणाऱ्याचं नाव दिसत नाही, गूगल त्याला एखादा निनावी प्राणी करून टाकतं. त्या दिवशी पार्किंगच्या ठरावाखाली सूचक, अनुमोदक नीट लिहून झाले आणि खाली आपोआप एक ओळ उमटली: ‘माझा तीव्र विरोध नोंदवावा.’ लिहिणारा कॅपिबारा. कोण म्हणून विचारलं, तर सगळे म्यूटवर. तो विरोध कुणाच्या नावाने नोंदवायचा, ते अजून ठरलेलं नाही.