गाडी घेतली, पण आरसीवर नाव कुणाचं?

पैसे मोजले, किल्ली मिळाली, तरी आरटीओच्या नोंदीत आणि आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) जुन्या मालकाचं नाव आहे तोवर कायदा मालक त्यालाच धरतो. अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावरच येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. म्हणजे विकणाऱ्यालाही तेवढीच घाई हवी. गाडी राज्यातल्या राज्यात नावावर करायची तर त्याने १४ दिवसांत आरटीओला फॉर्म २९ द्यायचा, घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३०. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून एजंटाकडे सोपवू नका. नाव, तारीख, चेसिस नंबर भरल्यावरच सही.

सौदा ठरवण्याआधी चेसिस नंबर स्वतः गाडीवर वाचा आणि आरसीशी ताडून पाहा. मग आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघा. कर्ज फिटलं म्हणून ही बोजाची नोंद, म्हणजे एचपी, आपोआप उतरत नाही. बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि तिच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो. एनओसीवर मुदत असते, ती उलटली की पुन्हा बँकेचा उंबरठा.

सुरतेची जीजे-०५ गाडी स्वस्त वाटते, पण तिथल्या आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो, तो भाव करतानाच धरा. गाडी कायमची इथे ठेवायची तर १२ महिन्यांच्या आत जळगावचा एमएच-१९, धुळ्याचा १८ किंवा नंदुरबारचा ३९ नंबर घ्यावाच लागतो.

अर्जात मोबाइल नंबर तुमचाच हवा. एजंटाने स्वतःचा टाकला तर पुढचा प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जाईल, आणि हे कळतं ते अडल्यावरच.

विमाही १४ दिवसांत नावावर करा. थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, चालू राहतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

मूळ आरसी घरीच ठेवा, दुसरी किल्ली आणि खरेदीच्या पावतीसोबत. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी हेच मागते. शिवाय भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात डॅशबोर्डवर ठेवलेलं कार्ड वाकतं. रस्त्यात दाखवायला डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी चालते. गॅलरीतल्या फोटोवर विसंबू नका. कार्ड लॅमिनेट करू नका, त्याला भोकही पाडू नका.

हरवलंच तर आधी पोलिसांत नोंद, मग फॉर्म २६. कर्ज चालू असेल तर त्यावर बँकेचीही सही लागते.