कोनफळाचा गार लाटे : सहाव्या ग्लासापर्यंतची नोंद

पहिला ग्लास मला चमच्याने खावा लागला. करायला गेलो लाटे (दूध जास्त, कॉफी कमी) आणि झाली कोनफळाची खीर, तीही बर्फ घातलेली. आईने दोन चमचे खाल्ले, "उपासाला चालेल" म्हणाली आणि वेलची शोधायला उठली.

डिसेंबरच्या शेवटी सुरू केलेला हा खटाटोप आता कुठे नोंदवण्यासारखा झालाय. हे वाचणारे बरेच जण कॉफीतले, कंदमुळातले कमी, म्हणून आधी ओळख. कॅफेच्या पाटीवर 'उबे' लिहिलेलं असतं तो फिलिपिन्सचा जांभळा कंद, शास्त्रीय नाव डायोस्कोरिया अलाटा. आपलं कोनफळ त्याच जातीचं. थंडीत भाजीवाला वरून थोडं कापून जांभळा गर दिसेल असं मांडून ठेवतो, तेच. उंधियूतले जांभळे तुकडे याचेच. मुंबईत नुसतं 'कंद' म्हटलं तरी मिळतं. गुजराती भाजीवाला मात्र याला रताळू म्हणतो, त्यामुळे फोनवर मागवलंत तर घरी रताळी येण्याची शक्यता आहे. (माझ्याकडे आली. भाजून खाल्ली.) 'तारो' म्हणून जे मिळतं ती आपली अळकुडी, तिचा याच्याशी संबंध नाही. जांभळं रताळंही वेगळं.

आता चुका, क्रमाने.

पहिल्या खेपेला सोललेल्या फोडी कुकरमध्ये पाणी घालून उकडल्या आणि दुधाबरोबर मिक्सरमधून काढल्या. रंग पाण्यात उतरला, ते पाणी मी सिंकमध्ये ओतलं आणि उरलेल्या फिकट गराचं मिक्सरने डिंकासारखं केलं. कोनफळात पिष्ट भरपूर, वर त्याचा स्वतःचा बुळबुळीतपणा. पातं जोरात फिरलं की हे सगळं मोकळं सुटतं आणि चिकटतं. शिवाय कच्चं सोलताना हाताला खाज सुटली ती वेगळीच. सुरण-अळूला लावतो तेच इथे लागू : हाताला खोबरेल, नाहीतर आमसुलाचं पाणी.

दुसऱ्या खेपेला उपाय म्हणून गर कमी घातला, ग्लासाला २० ग्रॅम. चव नाही, रंग नाही, तळाला गाळ.

तिसरी खेप सांगायला लाज वाटते. लवकर मऊ शिजावं म्हणून चिमूटभर खायचा सोडा टाकला. कुकर उघडला तर आत निळसर-हिरवा लगदा. विषबाधेच्या बातमीतला फोटो असावा तसा. कारण साधं आहे : हा जांभळा रंग अँथोसायनिन या वनस्पतींतल्या रंगद्रव्याचा. आंबटात तो गुलाबी-लालकडे झुकतो, अल्कलीत निळा-हिरवा होतो. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो ना, तसलंच प्रकरण. वाटीभर लगद्यात लिंबू पिळून पाहिलं तर डोळ्यांदेखत जांभळा परत आला. पण त्या लगद्यात दूध घातलं असतं तर ते फाटलं असतं, म्हणून ती वाटी तशीच कचऱ्यात.

चौथ्या वेळी पहिल्यांदा काहीतरी जमलं. कंद धुऊन, साल न काढता, मोठे तुकडे करून मोदकपात्रात ३५ मिनिटं वाफवले. वाफवल्यावर साल सुरीने सहज निघते, खाज नाही, रंगही जागच्या जागी. गरम असतानाच किसला आणि पुरणाच्या चाळणीतून घासून काढला. मिक्सर बंद, कायमचा. रंग काय सांगू, पैठणीच्या काठासारखा. पण हा गर थंड दुधात टाकला की गुठळ्या, आणि फ्रिजमध्ये रात्रभर ठेवला की सकाळी वडी. शिजलेलं पिष्ट गार होताना घट्ट बसतं, उरलेला भात फ्रिजमध्ये कडक होतो तसं.

इथे मी थांबलो आणि फिलिपिन्समधली माणसं हा कंद नेमका कसा वापरतात ते नीट पाहिलं. सुरुवातीलाच पाहायला हवं होतं. तिथे कंद थेट पेयात जात नाही. आधी त्याचा 'हालाया' होतो. शब्द स्पॅनिश 'हालेआ'वरून आलेला, म्हणजे जेली किंवा मुरंबा. उकडून कुस्करलेला उबे, आटवलेलं गोड दूध, लोणी, कधी नारळाचं दूध, हे सगळं कढईत घोटत राहायचं, कडा सोडेपर्यंत. आपल्याकडे पुरण घोटतात तसं. तिथल्या बागियो शहरातल्या गुड शेफर्ड कॉन्व्हेंटचा उबे जॅम प्रसिद्ध आहे तो याच कुळातला, आणि हालो-हालोवर (तिथला किसलेल्या बर्फाचा गोड पदार्थ) जांभळा गोळा असतो तोही बहुतेकदा हाच, नाहीतर उबेचं आइस्क्रीम. बोहोल बेटावर उबे हातातून जमिनीवर पडला तर उचलून त्याचं चुंबन घेतात, असा मान. अन्नाला पाय लागला की नमस्कार करणाऱ्या घरात वाढल्यामुळे मला हे वाचून अजिबात नवल वाटलं नाही. उलट सोड्याच्या लगद्याबद्दल अपराधी वाटलं.

तर मुद्दा हा की मी कंदाला सिरप समजत होतो. तो सिरप नाही, पीठ आहे. साखर आणि स्निग्धांश त्याच्यात घोटून मुरवले की तो गार झाल्यावर दगड होत नाही, मऊ राहतो.

पाचव्या खेपेला हालाया केला, पण लोखंडी कढईत. राखाडी झाला. लोखंडाची आणि या रंगाची गाठ पडली की असं होतं. चवीला बरा होता, पोळीला लावून संपवला.

सहावी खेप, म्हणजे ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात ४०० ग्रॅम वाफवलेला, चाळलेला गर, २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, १५० मिली नारळाचं घट्ट दूध, ३० ग्रॅम लोणी, दोन चिमूट मीठ. मंद आचेवर २५ मिनिटं, लाकडी उलथन्याने, सोडून जायचं नाही. शेवटी थोडा व्हॅनिला. मीठ विसरू नका, त्याच्याशिवाय नुसताच गोड मातकटपणा राहतो. आणि गार पेयात गोडी कमी जाणवते, त्यामुळे कोमट असताना हालाया किंचित जास्त गोड लागायला हवा.

ग्लास असा : ४५ ग्रॅम हालाया ३० मिली गरम दुधात रवीने मोकळा करायचा, गुठळी राहू द्यायची नाही. गार होऊ द्यायचा. ग्लासात तळाशी तो, वर काठोकाठ बर्फ, मग १२० मिली थंड दूध बर्फावरून हळू. साखरेमुळे हालाया जड, तो खालीच बसतो. सगळ्यात शेवटी ४० मिली कॉफी, चमच्याच्या पाठीवरून. तीन थर स्वच्छ दिसतात.

कॉफीवर मी जास्त वेळ घालवला, कारण खरं भांडण तिथे आहे. कोनफळाची चव अगदी हळू आवाजात बोलते : थोडी सुक्या खोबऱ्याची, थोडी उकडलेल्या शेंगदाण्याची, मागे ओल्या मातीची. फिल्टरच्या डिकॉक्शनने ती चिरडली, माझ्या पुडीत ३० टक्के चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) होती आणि तिचा कडवटपणा सगळ्यांवर बसला. फार हलक्या भाजणीची कॉफी घेतली तर तिचा आंबटपणा दुधा-कंदाशी जुळेना. शेवटी चिकमगळूरची मध्यम भाजणी, चिकोरीशिवाय, मोका पॉटमध्ये (गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं) १८ ग्रॅम. ही बसली. माझी बहीण म्हणते कॉफी काढूनच टाक, नुसता दुधाचा जास्त चांगला लागतो. तिचं चूक नाही, पण मग मी कशासाठी एवढं केलं?

ढवळल्यावर मात्र रंगाचा निकाल लागतो. जांभळ्यात तपकिरी मिसळलं की पावसाळ्यातल्या डबक्याचा रंग येतो, त्याला इलाज नाही. म्हणून फोटो आधी, ढवळणं नंतर. म्हशीच्या दुधात रंग फिका पडतो आणि सायीचा जडपणा येतो, गाईचं बरं.

कॅफेत ३८० रुपयांना प्यायलो तो ढवळूनही झगझगीत जांभळा होता. तसा रंग नुसत्या कंदातून माझ्या हातून आला नाही, येईल असंही वाटत नाही. तो बाटलीतल्या इसेन्सचा असणार. मीही एक बाटली आणून पाहिली. दोन थेंबांत ग्लास रंगला आणि चव थेट वाढदिवसाच्या केकची झाली. बाटली शेजारच्या मुलीला दिली, ती केक करते.

बाकी राहिला साठा. संक्रांत झाली, कंद आता सुरकुतलेले येताहेत, आणि शेवटचा आणला तो आतून पांढरा निघाला. पांढराही खायला उत्तम असतो, काचऱ्या केल्या, पण लाटेला काय उपयोग. म्हणून त्याआधी हालायाची एक खेप बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवली, एकेक क्यूब साधारण २० ग्रॅमचा. नऊ दिवसांनी दोन काढून पाहिले : रवाळ झाले होते, पाणी सुटलं होतं. टाकून देणार होतो, पण गरम दुधात घालून मंद आचेवर दोन मिनिटं रवीने फिरवल्यावर पुन्हा एकजीव झाले. चवीत फरक मला कळला नाही, बहिणीला कळला.

ट्रेमध्ये २२ क्यूब उरले होते. ११ ग्लास. एप्रिलच्या उकाड्यापर्यंत हात लावायचा नाही असं ठरवलंय, त्यातला एक काल संपला.