कच्च्या तेलाचा थेंब आणि खारं पाणी : माझा अनुभव

पाण्यात मीठ वाढवलं की कच्चं तेल आणि पाणी यांच्यामधला ताण, म्हणजे दोघांच्या सीमेला आकसून ठेवणारं बळ, वाढतो की कमी होतो? प्रबंधासाठी वाचन सुरू केलं तेव्हा शोधनिबंधांत दोन्ही उत्तरं सापडत होती. काही आलेख तर आधी खाली उतरून मग पुन्हा वर चढलेले. म्हणून गाईडशी बोलून ठरवलं, की कच्च्या तेलाला हात लावण्याआधी शुद्ध तेलावर सगळी पद्धत बसवून घ्यायची. या विषयात नव्याने येणाऱ्यांना मी आजही हाच क्रम सांगते.

शुद्ध तेल म्हणून डेकेन, म्हणजे एकाच प्रकारच्या रेणूंचं हायड्रोकार्बन, घेतलं. बाटलीवर शुद्धतेचा आकडा कितीही मोठा असो, सीमेवर जमून ताण उतरवणाऱ्या थोड्या ध्रुवीय अशुद्धी त्यात राहतातच, म्हणून ते सिलिका जेलच्या कॉलममधून काढलं. मीठ भट्टीत तापवून त्यातलं सेंद्रिय काही असेल ते जाळून टाकलं. 25 अंश सेल्सिअसला डेकेन आणि शुद्ध पाणी यांच्यामधला आंतरपृष्ठीय ताण 51-52 मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास यायला हवा, आणि तासाभराने पाहिलं तरी तिथेच असायला हवा. आकडा घसरायला लागला की समजायचं, अशुद्धी अजून शिल्लक आहेत.

इथे मीठ घातलं की उत्तर सरळ येतं : ताण वाढतो. एका मोलर (लिटरमागे एक मोल) सोडियम क्लोराइडमागे साधारण दीड मिलिन्यूटन प्रति मीटर. आयनांना चहूबाजूंनी पाणी लागतं आणि तेलाच्या कडेला ते पुरेसं मिळत नाही. त्यामुळे आयन सीमेपासून लांब राहतात, आणि गिब्जचं समीकरण सांगतं की सीमा टाळणाऱ्या पदार्थामुळे ताण वाढतो.

मग कच्चं तेल घेतलं. ते इतकं काळं असतं की त्यात पाण्याचा थेंब दिसत नाही, म्हणून उलटं करायचं. काचेच्या चौकोनी भांड्यात खारं पाणी, त्यात हुकासारखी वर वळवलेली सुई आणि सुईच्या तोंडाशी वर ओढला जाणारा तेलाचा थेंब. कॅमेरा त्याची बाह्यरेषा टिपतो आणि त्या आकारावरून ताण निघतो. सुरुवातीला थेंब गोलसर असतो. मग डांबरसदृश अ‍ॅस्फाल्टीन, रेझिन आणि नॅफ्थेनिक आम्लं तेलातून सीमेवर येत राहतात, ताण उतरतो, थेंब हळूहळू लांबट होतो आणि मान बारीक होते. कधी तर तो सगळ्यांच्या देखत सुटून वर निघून जातो. बऱ्याच कच्च्या तेलांचा ताण 20-30 च्या पट्ट्यात असतो, पण किती वेळाने मोजला हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. रात्रभर ठेवलेल्या थेंबातलं तेल सावकाश सुईत परत ओढलं तेव्हा त्याच्या अंगावर सुरकुत्या पडल्या. तिथे आता साधी द्रव सीमा नव्हती, पातळ साय धरली होती. अशा थेंबाला आकारावरून ताण काढण्याचं गणित लागू पडत नाही, म्हणून त्याची नोंद मी वेगळी ठेवते.

घनतेबद्दल मात्र जोर देऊन सांगायचं आहे. गणितात ताण हा पाणी आणि तेल यांच्या घनतांमधल्या फरकाच्या पटीत येतो. तेलाची घनता 0.87 ग्रॅम प्रति मिलिलिटर धरली, तर शुद्ध पाण्याशी फरक 0.127 आणि समुद्राइतक्या खाऱ्या पाण्याशी 0.153. म्हणजे फरक पाचव्या हिश्शाने वाढला! मिठाचा खरा परिणाम बहुतेकदा याहून लहान असतो. त्यामुळे प्रत्येक द्रावणाची घनता त्याच तापमानाला मोजल्याशिवाय मी थेंब सोडतच नाही.

मिठाचा कल समजला तो पीएच मोजायला लागल्यावर. तेलातली आम्लं आम्लधर्मी पाण्यात बहुतांशी विद्युतभाररहित असतात. पीएच चढला की त्यांच्यावर ऋणभार येतो. मग ती सीमेवर एकमेकांना दूर ढकलतात. थोडं मीठ घातलं की सोडियम त्या भाराला झाकतो, आम्लं दाटीने बसतात आणि ताण उतरतो. मीठ फार झालं की तीच आम्लं तेलात माघारी ढकलली जातात आणि ताण चढतो. खाली जाऊन वर येणारे आलेख असे येऊ शकतात. कॅल्शियम तर एकाच वेळी दोन आम्लांना धरतो, त्यामुळे तेवढाच मोलर सोडियम घालून त्याची जागा भरून निघत नाही.

तेलसाठ्याच्या खडकात अडकलेलं तेल ताण कमी करून सोडवायचं, तर तो काही हजार पटींनी उतरावा लागतो. मिठाच्या फेरफाराने तो एवढा उतरत नाही, आणि म्हणूनच कमी क्षारांच्या पाण्याने जास्त तेल निघतं त्याचं श्रेय मी आधी खडकाचा पृष्ठभाग तेलाऐवजी पाण्याने भिजू लागण्याला देते.

सध्या कॅल्शियमची मालिका पीएच 8 वर स्थिर ठेवून पुन्हा घेते आहे. बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारा पदार्थ, हाही क्षारच, त्याचे आयन खारटपणाच्या हिशोबात धरावे लागतात. फॉस्फेट बफर तर इथे बादच, कॅल्शियमबरोबर तो साका होऊन तळाशी बसतो.