पन्नाशीचे पत्र

गेल्या महिन्यात मला पन्नास वर्षे पूर्ण झाली आणि पाठोपाठ आरोग्य विमा कंपनीचे पत्र हॅम्बुर्गच्या घरी येऊन पडले. जर्मनीत 50 व्या वर्षापासून मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी, विम्यातून करून घेता येते, आणि काहीही त्रास होत नसतानाच ती करून घ्यावी, असा त्या पत्राचा आशय होता. ते वाचून मी जिन्यातच बसलो. नाशिकचा माझा मित्र याच आजाराने 47 व्या वर्षी गेला.

त्याचे नाव लिहीत नाही. स्वतःचे नाव छापलेले त्याला लग्नपत्रिकेतसुद्धा अवघडल्यासारखे वाटायचे. आम्ही दोघे जुन्या नाशकातले. रंगपंचमीच्या आधी तिवंधा चौकातली पेशवेकालीन रहाड उकरली जाऊ लागली, की त्याचे घरात लक्ष लागत नसे. वर्षभर फळ्या आणि मातीखाली झाकलेला तो हौद रंगाच्या पाण्याने भरला, की त्यात धप्पा, म्हणजे उडी, मारणाऱ्यांत तो असायचाच. पाणी कितीही गार असले तरी वर येताना हसत यायचा आणि पुढचे काही दिवस कानामागचा रंग मुद्दाम धूत नसे.

शौचातून रक्त जाऊ लागले तेव्हा घरच्यांनी मूळव्याध ठरवली, ओळखीच्या डॉक्टरांनीही तपासल्यावाचून तीच ठरवली, आणि मी इथून फोनवर ‘मिसळ कमी कर रे’ एवढेच म्हणालो. ताक आणि इसबगोल यांत वर्ष गेले. चालताना दम लागू लागला, हिमोग्लोबिन फार उतरलेले निघाले, तेव्हा कुठे कोलोनोस्कोपी झाली. तोवर आजार यकृतात पोहोचला होता. आतड्यातल्या लहानशा पॉलिपचा, म्हणजे आतल्या अस्तरावरच्या गाठीचा, कर्करोग व्हायला बहुधा 10 वर्षांच्या आसपास काळ जातो आणि तो पॉलिप तपासणी करतानाच काढून टाकता येतो, हे मला त्यानंतर कळले. माझे ते मिसळीचे वाक्य मला अजूनही ऐकू येते.

दर 14 दिवसांनी केमोथेरपीसाठी तो मुंबईला जाई. परतीच्या पंचवटी एक्स्प्रेसमधून फोन करी, तेव्हा माझी दुपार सरत आलेली असे. कंबरेला औषधाचा लहान पंप, जो 46 तास चालत असे, आणि कानाला फोन. कसारा घाटातले बोगदे त्याला पाठ होते. ‘आता आवाज जाईल’ असे सांगून तो बरोबर वाक्य संपवायचा. ऑक्सॅलिप्लॅटिन नावाच्या औषधामुळे गार वस्तूला हात लागला, की बोटांना सुया टोचल्यासारखे होते. पाण्याचा घोट गार असला तरी घशात तेच. नाशिकच्या थंडीत तो हातमोजे घालून नळ सोडायचा. रहाडीत उड्या मारणाऱ्या माणसाने हे मला हसतच सांगितले होते आणि मला उत्तर सुचले नव्हते.

मी येतो म्हणालो, की तो म्हणे, ‘आत्ता येऊन काय करणार? रंगपंचमीला ये.’ मी ऐकले. मार्चचे तिकीट काढले. तो जानेवारीत गेला.

आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा आजार झाला असेल, तर तपासणी 40 व्या वर्षी, किंवा त्या व्यक्तीच्या निदानाच्या वयाच्या 10 वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा सुरू करावी, असे डॉक्टर सांगतात. त्याचा धाकटा भाऊ आता 43 वर्षांचा आहे. त्याला मी तीनदा फोन केला. ‘बघतो दादा, द्राक्षांचा हंगाम होऊन जाऊ दे,’ असे तो प्रत्येक वेळी म्हणतो, आणि मीही प्रत्येक वेळी पुन्हा फोन करतो. आता त्याला माझा कंटाळा आला असावा, येऊ दे.

माझी तपासणी उद्या सकाळी आहे. आतडे साफ करणारे द्रावण गार करून प्यायले तर त्याची चव कमी जाणवते, असे दवाखान्यातल्या परिचारिकेने सांगितले होते, म्हणून दोन बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. त्यातली पहिली आत्ता हातात धरून बसलो आहे.