तिथे मला कोणी ओळखत नव्हतं

रविवार, रात्री

“आई, तिथे मला कोणी ओळखतच नव्हतं. किती बरं वाटलं!” बूट काढता काढता थोरली म्हणाली आणि आपल्या खोलीत निघून गेली. हे मला लागेल असं तिच्या मनातही आलं नसणार. मला मात्र दुपारपासून दुसरं काही सुचत नाहीये.

आत्यांचा आग्रह होता म्हणून आज त्यांच्या चर्चला गेलो. दर आठवड्याला 2,000 किंवा जास्त लोक उपासनेला येतात अशा मंडळीला, म्हणजे चर्चच्या समुदायाला, अभ्यासक मेगाचर्च म्हणतात. हे तेवढं मोठं नसेल, पण उपदेश करणाऱ्यांचा चेहरा आम्हाला पडद्यावरच दिसला. दारातच धाकट्याच्या शर्टावर नंबराची चिठ्ठी चिकटवली, तोच नंबर माझ्या हातात दिला. हा दाखवल्याशिवाय मूल कोणाच्याही ताब्यात देत नाही, असं तिथल्या ताईंनी हसून पण ठामपणे सांगितलं. प्रत्येक वर्गात दोन मोठी माणसं आणि दाराला काच. थोरलीच्या वर्गात तर खोली भरून तिच्याच वयाची मुलं होती. आमच्या लहानशा चर्चमध्ये तिच्या वयाची एकच मुलगी आहे आणि त्या दोघींचं पटत नाही.

मी लहान मंडळीची बाजू घेते ती एकाच कारणासाठी. तिथे मुलाला नावाने ओळखतात. थोरलीच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेबांनी विचारलं होतं, ह्या लेकराला विश्वासात वाढवायला तुम्ही हातभार लावाल ना? सगळी मंडळी उभी राहून “हो, देवाच्या साहाय्याने” म्हणाली होती. त्यातले बरेचसे आजही त्याच बाकांवर बसतात. ती तापाने घरी राहिली तर दुपारच्या आत फोन येतो. पहिल्यांदा शास्त्रपाठ वाचायला उभी राहिली, तेव्हा वाचनपीठाच्या वर नुसतं कपाळ दिसत होतं. कोणीतरी चटकन उठून तिच्या पायाखाली चौरंग सरकवला. ‘नबुखद्नेस्सर’ ह्या बाबेलच्या राजाच्या नावापाशी ती अडली, तर पुढच्या बाकावरच्या काकांनी हळूच तो शब्द फोडून सांगितला. त्या दिवशी मला वाटलं होतं, आपल्या लेकीला आता काही कमी नाही.

काका अजूनही तिला नबुखद्नेस्सर अशीच हाक मारतात. प्रेमानेच मारतात. पण ती आता खांद्याएवढी झाली आहे, आणि तिच्या लेखी त्या हाकेत चौरंगावरची ती छोटी मुलगीच उभी असते. ती कधी रडली, कोणाशी भांडली, नाताळच्या नाटकात कुठली ओळ विसरली, सगळं सगळ्यांना पाठ. मला ज्याचा आधार वाटतो, त्याचं तिला ओझं होत असेल का? की ह्या वयात कुठल्याही मुलाला आपल्या माणसांचं ओझंच होतं? हे मला ठरवता येत नाही, आणि म्हणूनच इतकं दुखतंय. मी जे जपलं ते तिच्यासाठी जपलं होतं.

तसं लहान मंडळीत काय काय होतं ते मलाही माहीत आहे. दोन घरांचं बिनसलं की त्यांची मुलंही शेजारी बसेनाशी होतात. मोठ्यांचं भांडण मुलांपासून लपवायला तिथे जागाच नसते. त्या वर्षाबद्दल मी इथे लिहिणार नाही. आणि दाराची ती काच आज मला बराच वेळ दिसत राहिली. आपल्याकडे सगळे घरचेच, म्हणून वर्गात एकटं कोण शिकवतंय हे कोणी विचारत नाही. ओळख असणं म्हणजे काळजी घेतली असं होत नाही.

पण आत्यांच्या चर्चमधली एक गोष्ट मला खरंच खटकली. मुलं उपासनेला मोठ्यांबरोबर बसलीच नाहीत. दारातून वर्गात, वर्गातून दारात. 1780 मध्ये ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सने संडे स्कूल सुरू केली, ती सहा दिवस कामावर राबणाऱ्या गरीब मुलांना लिहा-वाचायला शिकवण्यासाठी. मंडळीतल्या लेकरांना मोठ्यांच्या उपासनेतून बाजूला काढण्यासाठी नव्हे. धाकट्याने आपल्या आजोबांचा आवाज प्रार्थनेत कापरा होताना ऐकलेला आहे. हे कुठल्या वयाच्या वर्गात शिकवणार?

ह्यावर ह्यांचं नेहमीचं उत्तर ठरलेलं. मोठ्या मंडळीतही लहान गट असतात. दक्षिण कोरियातल्या सोलचं योइदो चर्च 1958 मध्ये पाच माणसांपासून सुरू झालं आणि जगातलं सर्वात मोठं झालं, ते घरोघरच्या छोट्या गटांच्या बळावर. बायबलमधलं प्रेषितांची कृत्येच बघ म्हणतात, एका दिवसात तीन हजारांची भर पडली, तरी भाकर मोडायचे ते घरोघरी. मंदिरातही जायचे आणि घरातही जमायचे. बरोबर आहे. पण गटात जायला आपणहून नाव द्यावं लागतं, आणि बुजरं मूल नाव देत नाही. आमच्या थोरलीने तर पूर्वी मुळीच दिलं नसतं.

आज मात्र दिलं असतं बहुधा. तिथून निघताना तिच्याशी कोणी मुलगी बोलत होती आणि ती हसत होती.

जेवणं झाल्यावर बायबलमधला लूकचा दुसरा अध्याय काढून बसले. बारा वर्षांचा येशू. सण आटोपून सगळे परत निघाले, तो सोबतच्या घोळक्यात असेल असं समजून आईबाप दिवसभराची वाट चालून गेले. मग नातलगांत शोधलं, ओळखीच्यांत शोधलं. सापडला तीन दिवसांनी, यरुशलेमच्या मंदिरात, गुरुजनांच्या मध्ये बसून ऐकताना आणि प्रश्न विचारताना. ओळखीच्या माणसांतून निघून तो त्या भल्यामोठ्या ठिकाणी रमला होता. मरीया बोलली, ते कुठलीही आई बोलेल तेच. आणि पुढे लिहिलंय की तो त्यांच्याबरोबर नासरेथला गेला. हा अध्याय मी कितीदा वाचला असेल, पण आजवर नजर त्या मुलावरच असायची. आज ती मागे वळून शोधत निघालेल्या आईवर गेली, आणि जरा रडून घेतलं. मग बरं वाटलं.

ह्यांच्याशी बोलले. रविवार आपल्याच मंडळीत, चौघांनी एका बाकावर. शनिवारी थोरलीला आत्यांकडच्या तरुण संघात जायचं असेल तर जाऊ द्यायचं, आणि आल्यावर काय झालं, कोण भेटलं असं खोदून विचारायचं नाही. हे मला जड जाणार आहे. काकांना त्या हाकेबद्दल काही सांगायचं की नाही, ते तिचं ती बघेल.

पाळकसाहेबांना उद्या फोन करते. वर्गात दोन मोठी माणसं असावीत एवढं तर आपल्यालाही जमण्यासारखं आहे. दुसरं कोण येणार असं ते विचारतीलच, तेव्हा माझं नाव देईन.