पूर्व उसांबारातल्या काळ्या माश्या: अमानीच्या ओढ्यांत काय आणि कुठे शोधावे

टांझानियातल्या मुहेझा गावातून पूर्व उसांबारा डोंगरांतल्या अमानीच्या राखीव वनाकडे कच्चा घाट चढतो. पावसात तो फार निसरडा होतो, तेव्हा फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच घ्यावी आणि मार्च ते मे हे महिने टाळावेत. पुरात काळ्या माश्यांच्या अळ्या वाहून जातात. धुतलेले दगड पाहून ‘इथे काळी माशी नाही’ अशी नोंद करणे घातक. कॉस्टेकचा (टांझानियाचा विज्ञान-तंत्रज्ञान आयोग) संशोधन परवाना आणि राखीव वनाची परवानगी निघण्याआधीच हातात हवी.

सिम्युलियमची (काळ्या माश्यांचे शास्त्रीय नाव) अळी डोक्यावरच्या दोन पंख्यांनी वाहत्या पाण्यातले कण गाळून खाते, म्हणून डोहात वेळ घालवू नका. सिम्युलियम डॅम्नोसम या जवळच्या जातींच्या गटासाठी सेकंदाला साधारण एक मीटर वेगाची धार पाहा: पान सोडले की दोन मीटर अंतर दोन सेकंदांत कापले पाहिजे. अशा जागी दगड, बुडालेली पाने, लोंबती मुळे, सगळे तपासावे.

एवढ्यावर थांबलात तर सिम्युलियम वूडी सुटलीच! रिव्हर ब्लाइंडनेस या अंधत्व आणणाऱ्या रोगाचा कृमी पसरवणाऱ्या या माशीच्या अळ्या आणि कोष गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या अंगावर वाढतात. तिच्याच गटातल्या सिम्युलियम नीव्हीचे खेकड्यांशी असलेले नाते १९५० साली उघड झाले. तोवर तिच्या अळ्या सापडतच नव्हत्या. काही जाती तर मेफ्लाय या दुसऱ्या कीटकाच्या पाण्यातल्या पिल्लांवर वाढतात, तीही भिंगाखाली घ्यावीत. खेकड्यांसाठी सावलीतल्या लहान ओढ्यात मासळीचे तुकडे घालून टोपलीचा सापळा संध्याकाळी लावा. खेकडा मागून, कवचाच्या कडांना धरायचा. पाठ आणि पायांची मुळे पाहून अळ्या चिमट्याने काढायच्या आणि त्याला तिथेच सोडायचे. एकही अळी न मिळालेले खेकडेही मोजा, नाहीतर प्रमाण काढता येणार नाही.

डॅम्नोसम गटातल्या जुळ्या (हुबेहूब दिसणाऱ्या) जाती अळीच्या बाह्यरूपावरून खात्रीने वेगळ्या करता येत नाहीत. लाळग्रंथींतल्या गुणसूत्रांवरचे पट्टे वाचावे लागतात. त्यासाठी मोठ्या अळ्या कार्नॉयच्या द्रावात ठेवा: तीन भाग निर्जल अल्कोहोल, एक भाग ग्लेशियल ॲसेटिक आम्ल. कुपीत गर्दी केली तर अळ्यांच्या अंगातल्या पाण्याने द्राव पातळ होतो आणि गुणसूत्रे वाया जातात. त्याच दिवशी द्राव बदलावा आणि कुप्या थंड ठेवाव्यात. बाकीच्या अळ्यांना ८० टक्के अल्कोहोल पुरते. कोष मात्र जिवंत आणा: प्रत्येकाला ओल्या टिपकागदासह वेगळी नळी, तोंडाला कापूस. माशी बाहेर आली की अंग कडक होईपर्यंत एक दिवस थांबा आणि रिकामा कोष तिच्याजवळच ठेवा, कारण कोषावरच्या श्वसनतंतूंची संख्या आणि फांद्या जात ठरवताना लागतात.

या माश्या दिवसा, उघड्यावर चावतात. मच्छरदाणीचा तिथे उपयोग नाही. पँट मोज्यांत खोचा. लेबल पेन्सिलने लिहून कुपीच्या आत टाका, अल्कोहोलमध्ये शाई पसरते.